गुड्रूनचं रिंगण

३० ऑक्टोबर, गुरुवार. काम: गुड्रूनच्या कपड्यांना नावाच्या पट्ट्या शिवणं.

गुड्रून परवा जाणार होती त्या फ्लेगेहाइमचा, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहाचा, तसा नियम आहे. तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जातात, म्हणून बनियनपासून कोटापर्यंत प्रत्येक कपड्यावर नाव हवं. मी तिच्याच स्वयंपाकघरात बसून शिवत होते आणि ती समोर बसून बघत होती. मधेच तिने एक मोजा उचलला, पट्टीवरचं नाव नीट वाचलं आणि विचारलं, "ही कोण? हिचे कपडे माझ्या घरात कसे आले?"

"तूच ती," मी म्हटलं.

"अस्सं," ती म्हणाली आणि मोजा परत ढिगावर ठेवला.

मी मिरजेहून निघाले त्या पहाटे आईसुद्धा शिवतच होती. जीप दारात येऊन उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि ही पायरीवर बसून माझ्या बॅगेच्या मुठीला लाल खणाची चिंधी शिवत होती. परदेशात सगळ्यांच्या बॅगा काळ्या असतात, आपली ओळखू यायला हवी, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. दोरा दाताने तोडून तिने माझ्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "तिकडे कुणीतरी आपलं बघून ठेव. आजारी पडलीस तर पेलाभर पाणी द्यायला." बाबा आधीच वारले होते. आईला पाणी कोण देणार, हे त्या पहाटे आम्ही दोघींनीही विचारलं नाही. जीप सुटायची घाई होती.

आईचं सांगणं मी पाळलं. ब्राउनश्वाइगला आमचं राइहेनहाउस म्हणजे एका भिंतीला भिंत लावून उभ्या घरांच्या ओळीतलं एक. पलीकडची भिंत गुड्रूनची. पहिल्याच हिवाळ्यात मी तापाने पडले, नवरा कंपनीच्या कामासाठी बाहेरगावी, मुलगी ईशा दीड वर्षाची. गुड्रून कुंपणावरून टांग टाकून आली. हातात सूपचं पातेलं होतं. काही न विचारता तिने ईशाला उचललं आणि मला म्हणाली, "झोप." तेव्हा ती वाचनालयात नोकरी करायची आणि मोठ्याने बोलणं तिला माहीत नव्हतं. पेलाभर पाणी देणारं माणूस मला मिळालं. तिच्याबरोबर तिचा धर्मही आला.

धर्म म्हणजे विक्का, आजकालच्या चेटकिणींचा पंथ. वर्षातून आठ सण, आणि मधूनमधून पौर्णिमा. चारपाच बायका गुड्रूनच्या मागच्या अंगणात जमायच्या, जमिनीवर रिंगण आखायच्या, चार दिशांना बोलवायच्या, देवाला आणि देवीला नमस्कार करायच्या, खायच्या, प्यायच्या, दिशांना निरोप द्यायच्या आणि घरी जायच्या. मी पहिल्यांदा गेले ती जर्मन सुधारायला. माझा त्यावर विश्वास नव्हता, आजही नाही. पण मला ते परकंही वाटलं नाही. पूर्वेला धूप, दक्षिणेला दिवा, पश्चिमेला पाणी, उत्तरेला मीठ किंवा माती. यात न समजण्यासारखं काय आहे? माझा नवरा दरवेळी विचारायचा, "चाललीस का चेटकिणींच्या हळदीकुंकवाला?" मी म्हणायची, "हो. तुमचं ताट झाकून ठेवलंय."

सुरुवातीला एकच चूक मी पुन्हा पुन्हा केली. आपल्याकडे पूजेत कुणीतरी सतत उठत असतं. काडेपेटी राहिली, फुलं राहिली, कुकरची शिट्टी झाली. मी तशीच रिंगणातून उठून आत पळायची. गुड्रून कपाळाला हात लावायची. आखलेल्या रिंगणातून असं बाहेर पडता येत नाही. काळ्या मुठीच्या सुरीने हवेत दार कापायचं, बाहेर जायचं, आत आल्यावर दार मिटायचं. "शुबा," ती म्हणायची, तिला शुभा कधी म्हणता आलं नाही, "ते काय बसस्टॉप आहे?"

त्या बायकांपैकी एक वारली, एक समुद्राकडे मुलीजवळ राहायला गेली, बाकीच्यांना अंधारात गाडी चालवेनाशी झाली. आम्ही दोघीच उरलो. मग गुड्रून विसरायला लागली.

तिचा मुलगा येन्स म्युनिकला असतो. त्याने तिला हलवायचा दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा ती बाथरूमला आतून कडी लावून बसली. दुसऱ्यांदा गाडीत बसली आणि पहिल्याच सिग्नलला दार उघडून रस्त्यावर उतरली. आता हाइमवाले खोली शनिवारपर्यंतच ठेवणार होते. त्यानंतर कोर्ट, सरकारी पालक आणि शेवटी ॲम्ब्युलन्समध्ये घालून नेणं. येन्सला ते नको होतं, मलाही नको होतं. आणि घरी तिला एकटीला ठेवता येत नव्हतं. सप्टेंबरात तिने गॅसवर प्लास्टिकची किटली ठेवली होती. धूर मला माझ्या खिडकीतून दिसला.

ती एकच गोष्ट न चुकता सांगत होती. "सामहाइन झाल्याशिवाय मी हलणार नाही. रिंगण आखेन, रिंगण सोडेन, मग बघू." सामहाइन म्हणजे त्यांची सर्वपित्री म्हणा. एकतीस ऑक्टोबरला येते, मेलेल्यांची नावं घ्यायची असतात.

येन्सने मला फोन केला. "तू तिच्याकडून ते करून घेशील? म्हणजे ती शनिवारी शांतपणे येईल."

"बघते," मी म्हटलं. त्याला बोल लावायला माझं तोंड नाही. तो म्युनिकला राहिला, मी ब्राउनश्वाइगला. आईला शेवटचं पाणी शेजारच्या शिंदेवहिनींनी दिलं. भाऊबंदांनी फोन करून विचारलं, थांबायचं का? मी म्हटलं, नका थांबू. दोन दिवस तिला बर्फाच्या लादीवर ठेवून माझी वाट बघण्यात अर्थ नव्हता. आजही तेच म्हणेन. मी काम करते त्या लॅबच्या चहाच्या खोलीत मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून मी बघितलं. चुलतभाऊ खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती उलट्या फेऱ्या घालत होता. दुसऱ्या फेरीला चित्र अडकलं.

तर तीस तारखेला पट्ट्या शिवून झाल्यावर मी जाडं मीठ आणि सफरचंदं आणली. एकतीसला इथे रिफॉर्मात्सिओन्सटागची सुट्टी, दुकानं बंद. शुक्रवारी दुपारी मागच्या अंगणातल्या तेरासेच्या फरश्या झाडल्या. त्यासाठी गुड्रूनचा वेगळा खराटा आहे, त्याने कचरा काढत नाहीत. वारा होता म्हणून मेणबत्त्या जॅमच्या बरण्यांत लावल्या. तिच्या कोळशाच्या धुपाने तिला ठसका लागतो, म्हणून पूर्वेला माझी उदबत्ती. मीठ फरशीवरच टाकलं, गवतावर जाऊ दिलं नाही. लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मीठ मुळांचं काय करतं हे मला ठाऊक आहे. नैवेद्याला ते चंद्रकोरीच्या आकाराची बिस्किटं करतात. मी दिवाळीच्या उरलेल्या करंज्या नेल्या. आकार तोच.

दिवस मावळताना गुड्रूनला कोट, टोपी, ब्लँकेट घालून मधल्या खुर्चीत बसवलं. येन्स आतल्या दारात उभा राहिला. त्याने लहानपणापासून हे सगळं दारातूनच बघितलंय.

तिला आता रिंगणाभर चालवत नव्हतं. तिने सुरी माझ्या हातात दिली. "तू आख."

मी सुरीचं टोक जमिनीकडे धरून तिला उजवीकडे ठेवत फिरले, घड्याळाच्या काट्यांसारखी. प्रदक्षिणेची सवय असलेल्या बाईला यात काही शिकवावं लागत नाही. आणि गुड्रून बोलायला लागली. जिला सकाळी मोजे कशासाठी असतात ते आठवत नव्हतं, तिने चारही दिशांचं बोलावणं एकही शब्द न चुकवता म्हटलं. येन्सने मान खाली घातली.

मग नावं. तिने नवऱ्याचं नाव घेतलं, मैत्रिणीचं घेतलं. मी म्हटलं, "आई."

"कुणाची?"

"माझी."

"आणि माझी कुठे आहे?"

"तीही गेली, गुड्रून. खूप वर्षं झाली."

"मला कुणी कळवलं नाही," ती म्हणाली. मी तिला करंजी दिली. तिने ती सगळी खाल्ली, सारणाचे कण ब्लँकेटवरून टिपून खाल्ले.

आता सोडणं राहिलं. दिशांना निरोप देत, दिवे शांत करत उलटं फिरायचं. हे आजवर गुड्रूनच करायची. मी पश्चिमेला पाण्यापाशी उभी असायची. मी सुरी उचलली, पूर्वेकडून निघाले आणि पूर्ण फेरी मारून आले तेव्हा ती हसत होती. फार दिवसांनी ती अशी हसली.

"चुकलीस," ती म्हणाली. "तू पुन्हा उजवीकडूनच गेलीस. सुटलं नाही, आणखी घट्ट झालं." आणि दाराकडे वळून येन्सला म्हणाली, "आता मला कुणी नेऊ शकत नाही. शुबाने बांधलंय."

माझं नाव तिने तीन आठवड्यांत पहिल्यांदा घेतलं होतं.

 येन्सने माझ्याकडे बघितलं, तेवढंच. मी तिथे सुरी धरून उभी राहिले. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. जिवंत माणसाभोवती उलटं फिरायचं नसतं, एवढंच माझ्या पायांना माहीत होतं. देवळात नाही, तुळशीभोवती नाही, होळीभोवती नाही. ती फेरी एकाच ठिकाणी घालतात. आणि ज्या बाईने माझी पोर सांभाळली, मला इथलं बोलणं शिकवलं, ती मधे बसून माझ्याकडे बघत होती. खूश होती. अशीच ठेवून मी घरी जाऊ शकले असते. मग सोमवारी कोर्टाचे लोक आले असते आणि तिला दोन अनोळखी माणसांनी दंडाला धरून नेलं असतं.

मी वळले. तिला डावीकडे घेतलं आणि चालायला लागले. उत्तरेला थांबून पृथ्वीला निरोप दिला, बरणीवर हात ठेवून दिवा शांत केला. फुंकर मला मारवत नाही. पश्चिमेला पाणी कुंडीत ओतलं. गुड्रूनचं हसू दक्षिणेपर्यंत होतं. पूर्वेला पोचले तेव्हा नव्हतं. एक फेरी मी जास्तीची बांधली होती, म्हणून तिने सांगितलं, "अजून एक." शेवटपर्यंत कामात पक्की. मी तीही घातली.

"आल्झो, झालं तर," ती म्हणाली. "सुटलं." आणि सुरी परत घ्यायला हात पुढे केला नाही.

येन्स हळूच म्हणाला, "सुरी तिकडे चालणार नाही." मी म्हटलं, "माहीत आहे."

घरी आल्यावर मी ईशाला फोन केला. ती हॅम्बुर्गला असते. मी मराठीत सांगितलं, तिने जर्मनमध्ये ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा," आईला ती जर्मनमध्येच हाक मारते, "दास इस्ट हाल्ट झो." असंच असतं. चांगली मुलगी आहे. वेळ आल्यावर माझ्या कपड्यांना पट्ट्या ती नीट शिवेल, किंवा कुणाकडून शिवून घेईल.

तुम्ही जे मिरजेत राहिलात ते मला विचारता, आता तुझं घर कुठलं, इकडचं की तिकडचं? आणि जे माझ्यासारखे निघालात ते एकमेकांना हेच विचारत बसता. मला त्यात पूर्वी रस होता, आता उरला नाही. घर म्हणजे जिथून एक दिवस कुणीतरी शहाणं माणूस आपल्याला समजावून बाहेर काढतं ती जागा. मिरजेहून मला आईने काढलं. गुड्रूनला मी काढलं.

शनिवारी सकाळी तिने कोट घालताना त्रास दिला नाही. बॅग येन्सने उचलली. मी तिचा गाडीचा पट्टा लावत होते तेव्हा तिने माझ्याकडे वाचनालयात नव्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कुठे राहता?"

"शेजारी."

"हे सोयीचं आहे," ती म्हणाली. येन्सने दार लावलं.

गाडी कोपऱ्यावर वळल्यावर मी मागच्या अंगणात गेले. घर विक्रीला निघणार आहे, नवे लोक कदाचित सगळ्या अंगणात फरशीच घालतील. तरी मीठ तसं सोडणं बरोबर नव्हतं. एक पाऊस आला की ते गवतात उतरलं असतं. आधी झाडून, सुपलीत भरून रेस्टम्यूलच्या, म्हणजे उरलेल्या कचऱ्याच्या, डब्यात टाकलं. मग बादली आणि ब्रश आणला आणि गोल फिरत फरश्या धुतल्या. कुठल्या बाजूने फिरतेय ते बघितलं नाही.