आधी उडी, मग चेंडू

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्यानं माप भरून दिलं तरी मी भांडं हलवून बघते. नवरा म्हणतो, तू देवळात तीर्थसुद्धा हुंगून घेशील. म्हणू दे. पण ह्या खोडीपायी मी एकदा एका मैत्रिणीचं वाटोळं केलं, आणि ते आजवर तिच्याखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

साठचं दशक संपत आलं होतं. आमचं घर शिवाजी पेठेत, अण्णा कचेरीत कारकून, मी मॅट्रिकला. पेठेत पोरांना तालमी होत्या, फुटबॉल होता. पोरींना काय, तर सागरगोटे. त्यात आमच्या शाळेत खेळाच्या नवीन बाई आल्या. गळ्यात शिट्टी, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतला माणूस थांबावा. त्यांनी मैदानाच्या कोपऱ्यात दोन बांबू रोवले, नेट बांधलं आणि आम्हा आठ-नऊ जणींना व्हॉलीबॉल शिकवायला घेतलं.

खेळ संपला की बाई आम्हाला मुरमावर बसवून जपानच्या बायकांच्या टीमचा इतिहास सांगायच्या, रोज थोडा थोडा. त्यांच्याकडे एका मासिकातून कापलेलं चित्र होतं. त्या पोरी म्हणे सूतगिरणीतल्या. दिवसा गिरणीत काम आणि सुट्टी झाली की सराव. आधी नऊ-नऊ जणींचा खेळ खेळायच्या, मग जगासाठी सहाचा शिकल्या. रशियाच्या उंच बायकांना त्यांच्याच देशात जाऊन हरवलं. मग घरी जाऊन लग्नं करायची म्हणत होत्या, तर टोकियोचं ऑलिंपिक आलं. लग्नं लांबणीवर टाकली, राबराब राबल्या आणि सोन्याचं पदक घेऊनच थांबल्या.

मला ह्यातलं अक्षरही खरं वाटत नव्हतं. मिलचा भोंगा आम्हीही रोज ऐकत होतो. पाळीवरनं सुटलेल्या बायका कशा चालतात ते मी बघितलं होतं. त्या काय जमिनीवर लोळत चेंडू उचलणार? मला वाटायचं, आम्ही मुरमावर गुडघे फोडून घ्यावेत म्हणून बाई गोष्टी रचतायत. लोळायला लावायचं होतं ना आम्हाला! जपानी पोरी लोळून चेंडू उचलतात, मग आम्हीही उचलायचा.

त्या इतिहासातली एक गोष्ट मात्र बाई पुन्हा पुन्हा सांगायच्या. "त्या पोरी स्मॅश मारायला चेंडूची वाट बघत न्हाईत. उचलून देणारीच्या हातात चेंडू असतानाच मारणारी उडी घेती. आधी उडी, मग चेंडू. तो तिथं येणार म्हंजे येणार, एवढा भरवसा पायजे."

आमच्यात मारणारी मी, आणि उचलून देणारी माझ्या वर्गातली मैत्रीण. तिचे अब्बा शिंपी, आमच्या मागच्याच गल्लीत त्यांचं दुकान. अख्खी पेठ त्यांना चाचा म्हणायची. हिची बोटं लांब आणि शांत. चेंडू तिच्या हातावर आला की आवाजच व्हायचा नाही. मी डोळे मिटून उडी मारावी आणि वर गेल्यावर चेंडू तळहाताशी हजर असावा, असं दहातून नऊ वेळा व्हायचं. त्या एकाच गोष्टीत मला संशय आला नव्हता.

घरी मी खोटं बोलले होते. पोरीनं हाफपँट घालून पुरुषांच्या नजरेसमोर उड्या मारणं अण्णांना कधीच पटलं नसतं. म्हणून मी सांगितलं, चाचांच्या घरी शिवण शिकायला जाते. हे फक्त तिला आणि तिच्या घरच्यांना ठाऊक होतं. बांगड्यांचा तेवढा घोळ असायचा. हातावर चेंडू घेताना काच फुटून मांसात जाईल म्हणून बाई बांगड्या काढायला लावायच्या. आम्ही नळावर साबणाचा हात करून त्या उतरवायचो आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात सगळ्यांच्या एकत्र ठेवायचो. निघताना घाई. भोंगा झाला की घरी पोचायलाच हवं. हाताला लागतील त्या बांगड्या चढवायच्या आणि पळायचं.

तिचं लग्न मलकापूरला ठरत आलं होतं. ती मनातून रडकुंडीला आलेली, पण बोलायची नाही. बोलल्या बाईच. त्या दुकानात गेल्या, चाचांना ते मासिकातलं चित्र दाखवलं, जपानी पोरींनी लग्नं कशी लांबवली ते सांगितलं. चाचांनी कात्री खाली ठेवून ऐकून घेतलं. म्हणाले, "राज्याच्या टीममध्ये पोरगीला घेतलं तर मी थांबतो बाई. पावण्यांस्नी सांगतो. न्हाई घेतलं तर ईद झाली की निकाह." म्हणजे तिचं सगळं निवड चाचणीवर होतं. आमच्या शाळेतून फार तर एकीला घेतील, असं बाईंनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं.

चाचणीला पंधरा दिवस होते. मी मुरमावर लोळून उठले आणि बघते तर भिंतीजवळ अण्णा. टोपी, छत्री, कचेरीतला कोट. ते ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "चल." वाटेत मी विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?" ते म्हणाले, "सांगणारी माणसं असत्यात."

बस्स. तेवढं वाक्य माझ्या डोक्यात किड्यागत शिरलं. सांगणारं कोण? ठाऊक कुणाला होतं? तिलाच. आणि मी बाजूला झाले तर निवड कुणाची? तिचीच. मी रात्रंदिवस हाच हिशेब घोकत राहिले. ती दोनदा दारात आली, मी आतूनच "डोकं दुखतंय" म्हणून सांगितलं. विचारायचं होतं ना गं भवाने, तोंडावर विचारायचं! पण संशयी माणूस विचारत नाही. उत्तर त्याच्याकडे आधीच असतं.

बाई घरी येऊन अण्णांशी तासभर भांडल्या. शेवटी अण्णा म्हणाले, चाचणीपुरतं खेळू दे, मग कायमचं बंद. मी मैदानावर परतले. ती धावत आली, माझे हात धरले, म्हणाली, "आलीस! मला वाटलं आता संपलं सगळं." मी हात सोडवून घेतले. मनात म्हटलं, नाटकी कुठली.

चाचणीच्या दिवशी मैदानाभोवती ही गर्दी. निवड करायला तिघे जण खुर्च्या टाकून बसलेले. चाचा दुकान बंद करून आले होते आणि एका झाडाखाली उभे होते. बाईंनी खूण केली, आपली ती जपानी चाल दाखवा. तिच्या हातात चेंडू आला. मी धावले. आणि उडीच्या जागी पाय जमिनीला चिकटले. देईल का नीट? की मला पाडायला खालून देईल? मी आधी चेंडू बघितला, मग उडी मारली. तोवर तो माझ्या बोटांपुढून निघून गेला होता. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. ती माझ्याकडे बघत होती, कपाळाला आठ्या, स्वतःची बोटं चोळत होती.

खुर्चीतला एक जण मोठ्यानं म्हणाला, "उचलून देणारीचा हात बरोबर न्हाय. चेंडू जागेवर पडत न्हाय हिचा." मी ते ऐकलं. माझ्यापासून चार पावलांवर तो बसला होता. मला ठाऊक होतं, चेंडू जागेवरच होता, नव्हते ती मी. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी पदराआड लपावं तशी गप्प राहिले. मग त्यांनी दुसऱ्या शाळेतली एक मुलगी तिच्या जागी आणली. ती चेंडू उंच आणि सावकाश द्यायची, सगळ्यांना दिसेल असा. ते मी धडाधड मारले.

मला घेतलं. तिला नाही घेतलं. चाचा झाडाखालून निघून गेले. तिनं नळावर हात धुतले, डब्यातल्या आपल्या बांगड्या वेचून घेतल्या, आणि जाताना विचारलं, "उडी का मारत नव्हतीस गं?" मी म्हटलं, "तुझं तुला म्हाईत."

निवडीचं सरकारी पाकीट घरी आलं तसे अण्णा एकदम बदलले. आल्यागेल्याला पत्र दाखवायला लागले. मी एका स्पर्धेला गेले, बाकावर बसून आले, पुढं माझंही लग्न झालं. ईदनंतर तिचा निकाह झाला. मी गेले नाही.

ऐंशी साल उलटल्यावर आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला. मी माहेरी होते. आई आणि मी शेजाऱ्यांच्या सोप्यात बसून बघत होतो, तर बायकांचा व्हॉलीबॉलचा सामना लागला. पडद्यावर नुसत्या मुंग्या, कुठल्या देशाच्या ते कळेना. पण एक मुलगी हवेत गेली, चेंडू अजून दुसरीच्या हातातच, आणि मग तो आला. आधी उडी, मग चेंडू. बाई खरं बोलत होत्या की!

आईचं लक्ष वेगळीकडंच. म्हणाली, "ह्यांच्या हातात बांगड्या कशा न्हाईत? तुझ्या हातात तर दुसरीच्याच असायच्या."

"म्हणजे?"

"अगं, तू शिवण शिकायला जात हुतीस तवा. एक दिवस आलीस ती हिरव्यात चार सोनेरी टिकल्यांच्या घालून. मी भरलेल्या बांगड्या मला कळत न्हाईत व्हय? मी तडक त्या शिंप्याच्या घरला गेलतो. ती पोरगी म्हणाली, शिकतीय की मावशी, चांगली शिकतीय. झबलं आणून दाखवलं, हे तुमच्या लेकीनंच शिवलंय म्हणून. इतकी सरळ शिवण तुझ्या हातची? तवाच म्हटलं, ही पोरगी तुला पाठीशी घालतीया. मग तुझ्या बापाला मागनं धाडलं."

मी पुढचा सामना बघितला नाही. आई विचारत राहिली, काय झालं गं, चेहरा का उतरला.

त्याच आठवड्यात मी मलकापूरची एसटी धरली. पत्ता शोधायला लागला नाही. शिवणकाम करणारी बाई म्हटल्यावर पोरांनी घर दाखवलं. ओट्यावर मशीन, ती मशीनवर, नाकावर चष्मा. मला बघून पाय थांबले तिचे. मग हसली. "अगं बया! पावणं कुणीकडनं उगवलं?" तिनं चहा केला. लेकरं, सासू, पाऊसपाणी सगळं विचारून झालं. मग कपड्याच्या चिंध्या गोळा करता करता तिनं तेच विचारलं, जे नळावर विचारलं होतं. "त्या दिवशी उडी का मारली न्हाईस?"

मी सगळं सांगितलं. अण्णांचं वाक्य, माझा संशय, बांगड्या, आईला दाखवलेलं झबलं. खुर्चीतल्या माणसाचं बोलणं ऐकून गप्प बसले, तेही. मला वाटलं ती चिडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे चेंडू माझा बरोबर हुता?"

"बरोबर होता. तिन्ही वेळा."

तिनं चष्मा काढला. दोन्ही हात समोर धरून बोटांकडे बघत राहिली. "मी घरी अब्बांना सांगितलं, माझाच हात चुकला," ती म्हणाली. "इतकी वर्सं मीच ह्या हाताला नावं ठेवत आलो."

मी तिचे हात धरायला पुढे झाले. तिनं ते मागे घेतले, मशीनचं चाक फिरवलं आणि म्हणाली, "तुझी एसटी पावणेपाचला हाय. उशीर करू नको."