अंडं कोणाचं? अब्राहाम मास्तरांची वादसभा

नवापूरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागलेल्या आमच्या डोंगरातल्या गावात अब्राहाम मास्तरांशी कोणी भांडत नसे. फार वेळ लागायचा.

तरुणपणी ते पाद्री व्हायला पुण्याला गेले, दोन वर्षांत परतले आणि सुसानाशी लग्न करून शाळेत लागले. पुण्याच्या पुस्तकांतून त्यांनी एकच गोष्ट जिवापाड सांभाळून आणली. सात-आठशे वर्षांपूर्वी युरोपातल्या विद्यापीठांत भर सभेत वाद चालायचे, तेही नेमाने. एकाने हरकत घ्यायची, दुसऱ्याने आधी ती हरकत स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवायची, मगच उत्तर. निकाल गुरूने द्यायचा, तोही दुसऱ्या दिवशी. नाताळाआधी तर मोकळी सभा भरे, कोणीही काहीही विचारावं.

रिटायर झाल्यावर मास्तरांनी गेल्या डिसेंबरात चर्चच्या ओट्यावर तशीच सभा भरवली. लोक आत्म्याविषयी विचारतील म्हणून ते तयारीने आले होते.

पहिला लखन उठला. "माझी कोंबडी रोज प्रिस्किलाकाकीच्या घरात अंडं घालते. काकी ते खाते. अंडं कोणाचं?"

"प्रश्न उत्तम आहे," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "पण आधी काकीची बाजू मांड. काकी 'बरोबर' म्हणेपर्यंत."

"काकी म्हणते, कोंबडी दाणे तिचे खाते."

"एवढंच?" काकी म्हणाली. "माझ्या मांडीवर झोपते, ते?"

चौथ्या खेपेला लखनला सूर सापडला. त्याच्या घरी कुत्रं अंगावर येतं, कोपऱ्यात सायकल पडलेली, प्रेमाने हाक मारणारं कोणी नाही. कोंबडी बिचारी जाणार कुठे? बोलता बोलता त्याने बाहीने नाक पुसलं.

"बरोबर," काकी म्हणाली.

मग काकीने लखनची बाजू घेतली. एवढंसं पिल्लू त्याने बाजारातून शर्टाच्या खिशात आणलं, बोक्यापासून वाचवलं. सांगताना तिने पदर डोळ्याला लावला.

"आता आपापलं बोला," मास्तर म्हणाले.

"अंडं काकीचं," लखन म्हणाला.

"मुळीच नाही. लखनचं."

"काकी, तुला कळत नाही."

"तुला कळतं?"

आणि दोघं पहिल्यापेक्षा जोरात भांडू लागले. जेवणवेळेपर्यंत त्यांनी तीनदा बाजू बदलल्या. शेवटी कोण कोणाच्या बाजूने आहे हे मास्तरांनाच सुसानाला विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चार पानी निकाल वाचला. अंडं मुळात कोंबडीचं आहे, आणि तिला कोणी विचारलेलं नाही.

दोघांना ते पटलं. कोणी अंड्याला हात लावेना, अंडी साठत गेली. कोंबडी खुडूक होऊन काकीच्या घरातच ती उबवत बसली, आणि तीन आठवड्यांनी नऊ पिल्लं बाहेर आली. आता लखन सकाळी काकीच्या ओट्यावर येतो, दोघं पिल्लांना कणी टाकतात आणि एकमेकांची बाजू मांडतात.

गावाला मात्र ही खोड लागली. परवा सुसाना म्हणाली, "मीठ विसरलास. माझं म्हणणं काय असेल, सांग." मास्तरांनी ते इतकं छान मांडलं की शेवटी स्वतःच 'बरोबर' म्हणाले. पिशवी घेऊन ते दुकानाकडे निघाले.