लाइलच्या विमानाला लागेल तेवढी वीज

लाइल ट्रेलोअरला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा त्याच्या विमानाला पंख होते, चाकं होती, इंजिनसुद्धा बसलं होतं. राहिलं होतं ते फक्त वायरिंग. विस्कॉन्सिनमधल्या त्या टेकड्यांच्या मुलखात, बापाच्या गाई जिथे बांधलेल्या असायच्या त्याच गोठ्यात, तो कित्येक वर्षं फावल्या वेळात हे दोन माणसांचं विमान जोडत आला होता. इस्पितळातून परतला तो लुळा उजवा हात आणि जड झालेली जीभ घेऊन. गोठ्याकडे मान वळवून बघेनासा झाला.

त्याची बायको आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. हिवाळा लागता लागता तिने एक दिवस त्याला धरून गोठ्यात नेलं, खुर्चीत बसवलं आणि वायर सोलायचा चिमटा हातात घेतला.

"हात माझे, डोकं तुझं. बोल, कुठून सुरुवात करू?"

पहिलं भांडण अल्टरनेटरवरून झालं. इंजिन फिरताना वीज तयार करणारं ते यंत्र केवढं घ्यायचं?

"साठ," लाइल म्हणाला. म्हणजे साठ अँपिअरचं.

"का पण?"

"मोठं... बरं."

"मोठं बरं म्हणून मी पोरांच्या सूपमध्ये दुप्पट मीठ घालू? वजन बघितलंस का त्याचं?"

शेवटी मर्लला बोलावणं गेलं. मर्ल पास्को म्हणजे गावच्या धावपट्टीवरचा सगळ्यात जुना गडी. त्याने स्वतःची तीन विमानं बांधली होती. तो आला, कॉफी प्यायला आणि म्हणाला, "यंत्र मागाहून बघू. आधी भूक मोजा. एकेक वस्तू चालू करा, किती वीज ओढते बघा. आणि एक ध्यानात ठेवा, तुमच्या इंजिनाची ठिणगीसुद्धा विजेवर आहे. वीज संपली की पंखा थांबला. घरी दिवे गेले तर मेणबत्ती लावाल. ढगात कोण काडेपेटी देणार?"

आर्डिस मोजायला बसली. इंधनाचा पंप, ठिणगी, रेडिओ, माहिती दाखवणारे पडदे, दिवे. सगळ्यात हावरट निघाल्या त्या बसायच्या जागा गरम करणाऱ्या गाद्या.

"या दोन्ही काढून टाकू," ती म्हणाली. "मग चाळीसचं यंत्र पुरून उरतं."

 लाइल डाव्या हाताने उजवी मांडी चोळत राहिला. मग म्हणाला, "ही बाजू... बर्फ."

आर्डिसच्या हातातला चिमटा थांबला. त्या झटक्यानंतर त्याचं उजवं अंग कायम गारठलेलं असतं, हे तिला ठाऊक होतं. गादीशी त्याचा संबंध लावणं मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिने स्वतःची गादी काढली, त्याची ठेवली. हिशेब पुन्हा केला. चाळीस अजूनही पुरत होतं.

मग बॅटरीची पाळी आली. अल्टरनेटर वरच बंद पडला तर उतरेपर्यंत इंजिन जगवायचं ते बॅटरीने. बॅटरीवरचा आकडा बघून आर्डिसने भागाकार केला: तासाभराहून जास्त. ती खूश झाली. मर्ल म्हणाला, "आकड्यावर विश्वास ठेवून विमान उडत नाही, बाई. चालवून बघा."

फेब्रुवारीतली सकाळ होती. गोठ्यात श्वासाची वाफ दिसत होती. त्यांनी इंजिन बंद ठेवून बाकी गरजेचं सगळं बॅटरीवर लावलं आणि ऐकत बसले. पाऊण तासही झाला नसेल, तोच पंपाचा आवाज बसत गेला. मग पडदा काळा झाला.

"विक," लाइल म्हणाला. "सगळं... विक."

"का विकू?" आर्डिस कडाडली. "ते गोठ्यात थांबलं, लाइल! इथे जमिनीवर! वर थांबलं असतं तर आपण दोघं कुठे असतो?"

मर्लने समजूत घातली. "बॅटरीवरचा आकडा घोटघोट पिण्याचा असतो. तुम्ही घटाघटा पीत होता, तेही थंडीत."

"मग दोन बॅटऱ्या घालू," आर्डिस म्हणाली.

"वजन," लाइल पुटपुटला. तो इंजिनाकडे टक लावून बघत होता. एकदम डाव्या हातावर जोर देऊन उठला, धडपडला, आर्डिस धावली तर तिला झिडकारलं, आणि इंजिनाच्या पाठीमागे झाकण लावलेल्या एका रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे. दुसरा. लहान. पट्टा... नको."

मर्ल वाकून बघत राहिला, मग हसायला लागला. "अरे लेका! मी आपला बॅटरीतच अडकलो होतो." तिथे, मोठ्यासारखा पट्ट्यावर नव्हे, तर थेट इंजिनाच्या दात्यांवर फिरणारा छोटा अल्टरनेटर बसत होता. मोठा बंद पडला तर इंजिनापुरती वीज हा लहान देईल, आणि बॅटरी राखीव राहील.

त्या रात्री लाइल दुसऱ्यांदा वाढून घेऊन जेवला.

विमान उडवायचा परवाना आर्डिसकडेही होता. उन्हाळ्यात नियमाप्रमाणे चाचणीची सगळी उड्डाणं तिने एकटीने केली. लाइल धावपट्टीच्या कडेला बसून असायचा. ऑक्टोबरात दोघं पहिल्यांदा मिळून निघाले, उत्तरेला तिच्या बहिणीकडे. खाली मेपलची रानं लाल झाली होती. अर्धी वाट सरली आणि समोर इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला. मोठ्या अल्टरनेटरचा पट्टा तुटला होता.

 पण इंजिनाचा सूर जराही हलला नाही. तिने शेजारी पाहिलं. लाइलचा डावा हात बटणांवरून फिरत होता. "दिवे... बंद. दुसरा पडदा... बंद. गादी... बंद. तू... उडव."

"बहिणीकडे पोचूही शकू आपण," ती म्हणाली. "पण उगाच धाडस नको. उतरूया."

वाटेतल्या एका लहानशा धावपट्टीवर ते अलगद उतरले. तिथला जाड मिशांचा माणूस चौकशी करत आला. "काय झालं हो?"

आर्डिसने तोंड उघडलं. लाइलने हात वर करून तिला गप्प केलं.

"मी... सांगतो," तो म्हणाला, आणि इंजिनाचं झाकण उघडायला लावून, शब्द शोधत, थांबत, त्याने लहान अल्टरनेटरपासून सुरुवात केली. तो माणूस जराही घाई न करता ऐकत होता. आर्डिस पंखावर टेकली आणि घरून आणलेली बटाट्याची पेस्टी, म्हणजे भाजलेली मोठी करंजीच, खात बसली. तिची अर्धी पेस्टी संपली तरी लाइलचं बोलणं संपलं नव्हतं.