गोदामाच्या दारावरचा गरुड

माझ्या धाकट्या भावाइतका घुमा माणूस सगळ्या रोममध्ये सापडायचा नाही. साबातिनो गिलाव्याचं काम करतो. चित्रकार ओल्या गिलाव्यावर रंग भरतात, तो गिलावा याच्या हातचा. काम चोख, तोंडाला मात्र कुलूप. वीट आलाय मला.

फ्रेंच बादशहाच्या शिपायांनी पोपसाहेबांना धरून नेलं, त्याच महिन्यात हुकूम सुटला. नदीकाठच्या मिठाच्या गोदामाच्या दारावरच्या भिंतीवर पोपसाहेबांची निशाणी, दोन किल्ल्या, रंगवलेली होती. त्यावर गिलावा चढवून बादशहाचा गरुड काढायचा. त्या किल्ल्या आमच्या बाबांनी रंगवलेल्या. आणि गिलाव्याला बोलावलं कुणाला? आमच्याच दिवट्याला.

जुन्यावर नवा गिलावा धरायचा तर आधी छिन्नीने टोचे मारावे लागतात, म्हणजे खालच्या चित्राची चाळण. आळीला वाटलं, हा टोचे मारणार नाही, गरुड पहिल्याच थंडीत खाली येईल. कसलं काय! पाच हिवाळे गेले, गरुडाचं पीसही हललं नाही. पोपसाहेबांनी बादशहाच्या साथीदारांना बहिष्कृत केलंच होतं. याने तर बापाचं चित्र फोडलं, असं लोक तोंडावर म्हणायला लागले. मी पाणवठ्यावर भांड भांड भांडले. घरी येऊन याला विचारावं, तर हा आर्टिचोकची भाजी सोलत बसलेला. केलं ते केलं, एवढंच म्हणायचा.

त्यातच तिसऱ्या वर्षी आई गेली. आमच्या आळीत मयताला खांदा द्यायला एक मंडळी आहे, झगे घालून, मेणबत्त्या घेऊन येतात. त्यांचा म्होरक्या पान्क्राझियो दारात येऊन सांगून गेला की, या घरात आम्ही पाय ठेवणार नाही. आईला आम्ही भाजीच्या हातगाडीवरून नेलं. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

यंदा वसंतात बादशहा पडला आणि पोपसाहेब परत निघाले. पान्क्राझियो हातोडा घेऊन गोदामाच्या दाराशी शिडीवर चढला, तोच साबातिनो धावत आला. त्याला खाली उतरवून स्वतः चढला आणि गरुडाच्या कडेने पातं फिरवलं. टोचे फक्त कडेला होते. मधला गरुड झाकणासारखा अख्खा सुटून हातात आला. मागे गिलावा चिकटू नये म्हणून साबण चोळलेलं कापड, आणि कापडामागे बाबांच्या किल्ल्या, ओरखडासुद्धा नाही.

पान्क्राझियोने टोपी काढून माफी मागितली. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला.

"मला नाही सांगितलंस ते नाही. आईला तरी सांगायचंस, मेल्या. तोंड लपवत गेली बिचारी."

"आईला ठाऊक होतं," तो शिडीवरूनच म्हणाला. "साबण तिनेच चोळला."

"आणि मी?"

"तीच म्हणाली, पिएरिनाला सांगू नकोस. भांडणात बोलून जाईल, शिपायांच्या कानावर जाईल आणि तुझं मयत मला बघावं लागेल. माझं मयत काय, कसंही न्या."

त्याला खडसावायला मी तोंड उघडलं. सगळी आळी कान टवकारून उभी होती. आई काही खोटं बोलली नव्हती. मी तोंड मिटलं आणि शिडी धरली.