फाट्यावरचा तांबडा ठिपका

भूतबित काही नसते, हे मी आधीच सांगून ठेवतो. सारी उमर टेम्पो चालवला. अमरावती ते अकोला. मसनवटीच्या बाजूनं कितीकदा गेलो असन, मले कोनी आडवं आलं नाही. तरी हे लिहून राहिलो, कारन सांगाव कोनाले?

मांगली काही सालं वाईटच होती. कापूस बोंडातच वाळे, गावोगाव मयती. भाड्याले माल भेटला तं भेटला, म्हनून माही येन्याजान्याची येळ ठरेल नसे. तरी लोनीच्या पुढं, आमच्या गावच्या फाट्यावर, दुपारी माही बायको कौसल्या डबा घेऊन उभी. भाकर गरम. म्या इचारलं, "तुले कसं समजते वं, मी आता येतो म्हनून?"

"तुमी काय लय मोठे साहेब हा?" ती म्हने. "भूक लागली का येता."

कौसल्या थंडीत गेली. तापानं. मंग मी फाट्यावर थांबलोच नाही. गाडी दामटून नेत होतो.

उन्हाळ्यात अमरावतीच्या राजापेठेतल्या एक मॅडम आल्या, इंजिनियरिंग कॉलेजातल्या. माह्या अन् त्याच रस्त्यावर टेम्पो चालवनाऱ्या सलीमच्या गाडीत एकेक डब्बी बसवली. टॉवर नाही, तार नाही, एका गाडीचा निरोप वाऱ्यावरच दुसऱ्या गाडीले. पन गाडी पळती. ती पुढं कोठी असन हे मशीननं आधी ओळखलं, तवाच निरोप पोचते. मॅडमच्या कॉम्प्युटरवर तांबडा ठिपका दिसे… गाडी कोठी थांबन, त्याचा.

एक दिवस मॅडम म्हने, "काका, दुपारी त्या फाट्यावर थांबता का हो?"

"नाही."

"मशीन रोज तेच दाखवतंय. तुमच्यासाठीचा निरोप तिथं धाडतं, अन् तो वाया जातो. तुमच्या मागच्या फेऱ्या पाहूनच ते शिकतं, पण त्यानं तुम्हाला तिथं थांबलेलं पाहिलेलंच नाही."

मॅडमले वाटलं डब्बी बिघडली. म्हनून त्याहिनं अदलाबदल केली, सलीमची डब्बी मले, माही त्याले. सलीमची गाडी सरळ दिसे. ठिपका माह्याच मागं आला.

सलीम म्हने, "चाचा, चाची बुला रही. जाऊन तं पाहा एकडाव."

"चूप बस बे," म्या म्हटलं. पन दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घातला. कोनासाठी, ते इचारू नका.

दुपारी फाट्यावर गाडी उभी केली. मांगं टमाटे होते, ते नरम पडले. यष्ट्या गेल्या, ट्रका गेल्या. कोनी आलं नाही. ऊन कललं तवा मॅडमचा फोन आला.

"काका, आज ठिपका आलाच नाही. मशीन म्हणतंय तुम्ही सरळ निघून जाल. कुठपर्यंत पोचलात?"

"फाट्यावरच उभा हाय," म्या म्हटलं.



त्या दिसापासून ठिपका गेला तो गेलाच. मी कॉलेजात गेलो, हात जोडले. म्हटलं, "मॅडम, तो एक दिवस पुसून टाका. मी थांबलो होतो हे मशीनले समजूच देऊ नका."

"काका, मशीन आहे हो ते," त्या म्हनाल्या. पन पुसला बाईनं. माह्यासमोर पुसला. दुसऱ्या दिवशी पाह्यलं… सरळ. तिसऱ्या दिवशीबी सरळच.

मंग काम संपलं अन् मॅडम डब्ब्या काढून घेऊन गेल्या. पह्यले काहून दिसे, मंग काहून गेलं, त्याहिले समजलं नाही. मले कोठून समजन? मी नसतो थांबलो तं ठिपका राह्यला असता का, हेबी सांगता येत नाही. तुमच्यात कोनी शिकेलसवरेल असन तं सांगा.

फाटा आला का आता गाडी हळू होते. थांबाव का नाही, काही सुचत नाही. तेवढ्यात मागून हॉर्न वाजते, अन् जा लागते.