किड्यांचा भोपळा

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलं ते एवढंच, भोपळा चिरला. आमच्यात बाई अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी लावत नाही. पुरुषानं एक चीर पाडायची, मग पुढचं तिनं. बायकोनं हाक मारली, "अहो, हात लावून जा." मी पेपर ठेवून गेलो, चीर पाडली आणि परत पेपर घेतला. जेवल्यावर जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला हृदय बंद पडलं. असेल.

आमच्या घरात भोपळे दोन तऱ्हेचे. खायचे आणि सुनेचे. हडपसरचं रान बिल्डरला दिलं, त्यावर आयटीवाल्यांच्या इमारती आल्या, त्यातल्याच एकीत आम्हाला फ्लॅट मिळाला. मुलगा कंपनीच्या कामानं परदेशात. सून इथंच एका प्रयोगशाळेत, झाडाचा रस पिणाऱ्या किड्यांवर काम करते. पिठ्या ढेकूण म्हणतात तो. जास्वंदीवर कापसासारखा पांढरा बसतो. रानात होतो तेव्हा आम्ही त्याला औषध मारायचो, ही त्याला भोपळ्यावर पाळते. प्रयोगशाळेतले तिचे किडे मध्यंतरी मेले. उरले ते आमच्या गॅलरीत. बाहेरचे तिला चालत नाहीत, त्याच वंशाचे लागतात. ते सांभाळायची माझी बायको. जुना भोपळा मऊ पडायला लागला की नवा, न चिरलेला, त्याला टेकवून ठेवायचा. पिल्लं आपली आपण चालत जातात.

सुनेनं मला पुष्कळदा समजावलं. रसात नुसती साखर. अंग धरायला जे बाकीचं लागतं ते किड्याच्या पोटातले जंतू करून देतात. त्या जंतूच्या आत आणखी एक जंतू. काम तिघांत वाटलेलं, पुरतं कुणालाच येत नाही. काय कसं करायचं ते म्हणे जंतूच्या अंगात लिहिलेलं असतं, आणि पिढ्यान् पिढ्या एकत्र राहून त्यातलं बरंचसं गळून गेलंय. उरलंय ते ती मशीनवर वाचते. मी चौथी शिकलेला. डोळ्याला दिसत नाही ते वाचायचं कसं, आणि जे गळून गेलं ते होतं हे तरी कशावरून, मला आजही कळलेलं नाही. बायको तर दुसरीतच शाळेतून निघालेली, तिला सगळं कळायचं. मला सांगायची, "जंतू आईकडूनच पिल्लाला जातात. नर मोठा झाला की त्याला पंख फुटतात, तोंड मात्र राहत नाही." मग माझ्याकडं बघून, "काय शांतता असेल त्यांच्या घरात."

तिला पोचवून संध्याकाळी परत आलो. आमची चूल बंद. खालच्या मजल्यावरची शेजारीण तिच्या घरी भाजी-भाकरी करणार होती. गॅलरीत कोरा भोपळा दिसला तो तिनं उचलला. तिचा नवरा कामावर. तिनं भोपळा आणि सुरी माझ्यापुढं धरली. "भाऊ, तेवढा हात लावता का?" हाताला सवय, मी चीर पाडली. वर बघितलं तर दारात सून उभी. तिचं तोंड बघून मला कळलं मी कोणता भोपळा चिरला.

गॅलरीतल्या जुन्याला खालून पाणी सुटलं होतं. बायकोची धाकटी बहीण आली होती, तिला वास सहन होईना. म्हणाली, मयताच्या घरात ही घाण हाय कशाला, फेका. सून म्हणाली, फेका मावशी, आता काय. तिचं सगळं काम त्या घाणीत होतं. ती रडत होती, पण सासूसाठी की त्यासाठी, मला सांगता येणार नाही. तिलाही येणार नाही.

मी मेव्हणीला म्हणालो, राहू दे सकाळपर्यंत. मग सुनेला विचारलं, "त्या तिघांतला एक मेला तर?"

"बाकीचेही मरतात, बाबा."

"लगेच?"

"नाही. थोडा वेळ चालतं त्यांचं."



सुतकात माणूस बाजारात जात नाही. मी दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मंडईत गेलो. भोपळेवाल्यानं, आज ताई नाहीत का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. ते खरंच होतं. भोपळा घेऊन जिना चढलो तर मेव्हणी दारातच. "दाजी, काल भोपळाच खाल्ला की." मी तिच्या बाजूनं आत गेलो.

गॅलरीत बसलो आणि मग अडलो. देठ वर ठेवायचा की आडवा? ऊन लागलेलं चालतं का? इतकी वर्षं मी शेजारी पेपर वाचत होतो, कधी बघितलं नाही. सुनेला उठवावंसं वाटेना, पहाटे कुठं तिचा डोळा लागला होता. खाली गोणपाटाची घडी घातली, नवा भोपळा जुन्याला टेकवला, जमेना, फिरवून परत टेकवला. चष्मा लावला. बराच वेळ काही हललं नाही. मग पांढरं एक हललं. ते नव्याकडं चाललंय की जुन्यावरच फिरतंय, मला कळेना. मी बघत बसलो.