बॉलपार्कचा अर्थ

जागेला नाव मिळालं की तिला इतिहास मिळतो, असं माझं मत होतं. जर्मनीत कार्ल्सरूहे शहराबाहेरच्या त्या मैदानाला नाव मिळालं, तेव्हा तिथे इतिहास म्हणून एक कंटेनर होता, आणि त्यात संडास. पलीकडे मक्याचं शेत. फाटकावर नवी कोरी पाटी: ‘बॉलपार्क’.

उद्घाटनाला आम्हालाही बोलावलं होतं. आम्ही म्हणजे विद्यापीठातली आपली मराठी मुलं आणि त्यांच्यात थोराड असा मी. मुलं रविवारी बंद सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळायची. तिथून त्यांना कायमचं हाकललं होतं. दुसरी जागा नव्हती. बेसबॉल क्लबच्या अध्यक्षांनी निरोप दिला होता, रविवार सकाळ रिकामी आहे. कुणाला हवी असेल त्याने उद्घाटनात मागावी, तिथेच ठरवू.

“दादा, तुमचं जर्मन चांगलंय, तुम्हीच मागा,” कप्तान म्हणाला. “पण थोडक्यात हं.”

मी आठवडाभर तयारी केली. बॉलपार्क म्हणजे अमेरिकेतलं बेसबॉलचं मैदान, इथून मी भाषणाला सुरुवात केली. मग पार्क म्हणजे मुळात राजेलोकांचं शिकारीसाठी कुंपण घातलेलं रान. मग ऑफिसातला ‘बॉलपार्क’ आकडा: नेमका नाही, पण चेंडू निदान कुंपणाच्या आत पडेल इतपत अंदाज. आम्ही तो चहा पिताना देतो आणि जर्मन सहकारी तो लिहून घेतात. इथे लोक हसले. हसले म्हणून मी आणखी दोन उदाहरणं दिली. अध्यक्ष ग्रिलकडे पाहू लागले. सॉसेज करपत होते. खेळ माणसं जोडतो, असं काहीसं म्हणून मी टाळ्या घेतल्या आणि बसलो.

कप्तान कानाशी वाकला. “भारी झालं, दादा. रविवार कधी मागणार?”

मी उठेपर्यंत रबरी बूट घातलेल्या एक बाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एकाच वाक्यात रविवार सकाळ मागितली.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” अध्यक्ष म्हणाले. “कुणाची हरकत?”

कुणाचीच नव्हती. अनुमोदनाला सगळ्यांचे हात वर गेले. शिष्टाचार म्हणून माझाही गेला. मुलांकडे पाहायचं धाडस झालं नाही.

“असू दे दादा,” कप्तान म्हणाला, “अर्थ तरी कळला.”

दर रविवारी सकाळी बॉलपार्कवर कुत्र्यांना बसायला शिकवतात.